आगत्ती ते पोर्ट ब्लेअर: विमानाचं अंतर, प्रवासाचा वेळ आणि मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

दादरच्या आमच्या छोट्या ऑफिसात भिंतीवर भारताचा मोठा नकाशा आहे. चौकशीला आलेली माणसं त्यासमोर उभी राहतात, लक्षद्वीपवर बोट ठेवतात आणि ते सरळ उजवीकडे नेतात. बोट अंदमानवर पोचतं. मग विचारतात, "एकाच रजेत दोन्ही होईल ना?" होतं. पण नकाशावर बोट जितक्या सहज सरकतं, तितक्या सहज प्रवास होत नाही. गेली बरीच वर्षं जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आगत्ती ते पोर्ट ब्लेअर हवाई अंतर किती आहे?

सुमारे 2,245 किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत साधारण 1,212 सागरी मैल, कारण एक सागरी मैल म्हणजे 1.852 किमी. लक्षद्वीपमधल्या आगत्तीच्या विमानतळाचा कोड एजीएक्स आणि अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरचा आयएक्सझेड. तिकीट शोधताना हे कोड टाकलेले बरे.

हे अंतर मोजतात कसं? नकाशावर पट्टी ठेवली तर चालेल का?

अंदाज येईल, पण आकडा थोडा चुकेल. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो दोरा ज्या वाटेने जाईल ती सर्वांत जवळची वाट. आगत्ती साधारण 10.8 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि पोर्ट ब्लेअर 11.6 अंशांवर, त्यामुळे दोरा जवळजवळ पूर्व-पश्चिम जातो, मधे किंचित उत्तरेकडे झुकतो. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ हा झुकाव फारसा जाणवत नाही.

ही सरळ वाट कुठून कुठून जाते?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण मला तो सांगायला आवडतो. आगत्ती सोडल्यावर जवळजवळ 400 किमी अरबी समुद्र. मग कोझिकोडच्या थोडं दक्षिणेकडून केरळचा किनारा. पुढे पालघाटची खिंड उजव्या हाताला ठेवून कोईमतूरच्या किंचित उत्तरेकडून तमिळनाडू ओलांडायचा आणि चिदंबरमच्या आसपास पुन्हा समुद्र गाठायचा. तिथून पोर्ट ब्लेअरपर्यंत 1,400 किमीच्या वर नुसता बंगालचा उपसागर. एकूण 2,245 किमीमध्ये जमीन जेमतेम 430 किमी.

थेट विमान आहे का?

नाही. का नाही, हे समजून घेतलंत तर पुढची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

आगत्ती हे सुमारे साडेसात किमी लांबीचं, अगदी चिंचोळं बेट आहे. लांबी म्हणाल तर साधारण चर्चगेटपासून लोअर परळपर्यंत, आणि रुंदी जिथे सर्वांत जास्त तिथेही एखादा किलोमीटर. विमानतळ दक्षिण टोकाला आहे आणि धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना पाणी. ही धावपट्टी सुमारे 1,200 मीटर लांब आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी मारलीत की जवळजवळ तेवढंच अंतर चालून होतं. आपल्या मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी साडेतीन किमीच्या आसपास आहे, म्हणजे आगत्तीच्या जवळजवळ तिप्पट.

इतक्या छोट्या पट्टीवर एअरबस 320 किंवा बोइंग 737 उतरत नाही. तिथे एटीआर 72 सारखी, पंखे फिरणारी, सत्तरएक आसनांची विमानं उतरतात. सुरुवातीला, म्हणजे 1988 मध्ये विमानतळ सुरू झाला तेव्हा, त्याहून लहान डॉर्नियर विमानं येत. एटीआर हे विमान तीनचारशे किंवा सातआठशे किलोमीटरच्या फेऱ्यांसाठीच बनवलेलं आहे. सगळी आसनं भरून ते एका दमात साधारण 1,500 किमीपर्यंत जाऊ शकतं. शिवाय पट्टी छोटी असल्यामुळे आगत्तीहून उडताना भार मर्यादित ठेवावा लागतो.

आता दोन्ही बाजू जुळवून बघा. जे विमान आगत्तीला उतरू शकतं, ते पोर्ट ब्लेअरपर्यंत पोचू शकत नाही. जे पोर्ट ब्लेअरपर्यंत पोचू शकतं, ते आगत्तीला उतरू शकत नाही. प्रवाशांची संख्या, कंपन्यांचा नफा वगैरे गोष्टी त्यानंतर येतात.

थेट जेट असतं तर किती वेळ लागला असता?

धावपट्टीचा प्रश्न बाजूला ठेवला तर साधारण तीन तास. जेट विमान ताशी 800 ते 850 किमी वेगाने जातं, पण चढण्यात, उतरण्यात आणि धावपट्टीपर्यंत सरकण्यात मिळून अर्धा तास जातो. एटीआरचा वेग ताशी 500 किमीच्या आसपास, म्हणजे त्याला पाच तासांच्या जवळ लागले असते, तेही वाटेत इंधन भरण्याचा वेळ सोडून.

मग प्रत्यक्षात किती वेळ लागतो?

दोन वाटा आहेत.

पहिली वाट कोची आणि चेन्नईवरून. आगत्ती ते कोची सुमारे 460 किमी, सव्वा ते दीड तास. कोची ते चेन्नई 520 किमीच्या आसपास, सव्वा तास. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर साधारण 1,370 किमी, सव्वादोन तास.

दुसरी वाट बेंगळुरूवरून. आगत्ती ते बेंगळुरू साधारण 655 किमी. या मार्गावर मार्च 2024 मध्ये इंडिगोने एटीआर विमान सुरू केलं. त्याला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. बेंगळुरू ते पोर्ट ब्लेअर साधारण 1,640 किमी, अडीच तासांच्या थोडं वर.

आता बेरीज करा. कोची-चेन्नईची वाट 2,350 किमी होते आणि बेंगळुरूची 2,300. म्हणजे सरळ रेषेपेक्षा बेंगळुरूवरून जाताना जेमतेम 55 किमी वाढतात आणि कोचीवरून 100. लोकांना वाटतं की फिरून जावं लागतं म्हणून वेळ जातो. तसं नाही. हवेत एकूण साडेचार ते पाच तास जातात. बाकीचा सगळा वेळ जातो तो थांबण्यात. आगत्तीची विमानं दिवसाउजेडी येतात-जातात आणि पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमानं सकाळ ते दुपार या वेळात पोचतात. आगत्तीहून निघून तुम्ही कोचीत उतरता, तोपर्यंत पोर्ट ब्लेअरला जाणारी त्या दिवसाची सोयीची विमानं सहसा निघून गेलेली असतात. रात्र मुक्काम, पहाटे पुन्हा विमानतळ. आगत्तीचा समुद्र सोडल्यापासून अंदमानच्या समुद्रात पाय बुडवेपर्यंत वीस-बावीस तास धरून चाला.

एकाच दिवसात पोचायचंच असेल तर?

वेळापत्रक नेमकं जुळलं तर बेंगळुरूवरून शक्य आहे. पण मी स्वतः कुणाला ते सुचवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका कुटुंबाने, माझं न ऐकता म्हणणार नाही, मीच तेव्हा पुरेसं ठासून सांगितलं नव्हतं, दोन वेगवेगळी तिकिटं मधे अडीच तास ठेवून काढली. आगत्तीहून विमान दोन तास उशिरा सुटलं. पुढचं तिकीट वेगळं, त्यामुळे ते वाया गेलं आणि चार माणसांची नवी तिकिटं त्याच दिवशीच्या भावाने घ्यावी लागली. त्यातली आजी विमानतळाच्या खुर्चीवर रात्रभर बसून होती, हे मला अजून टोचतं. तेव्हापासून माझा नियम एकच: आगत्ती आणि पोर्ट ब्लेअर यांच्या मधे एक रात्र मुख्य भूमीवर काढायची.

एका पीएनआरवर सगळा प्रवास मिळत असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग जोडविमान चुकलं तरी पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. दोन पीएनआर असतील तर ती जबाबदारी तुमची.

घड्याळ बदलावं लागतं का?

नाही. दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळच. पण सूर्य ती मानत नाही.

दोन्ही विमानतळांच्या रेखांशांत साडेवीस अंशांचा फरक आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे सूर्याच्या हिशेबात दोन्ही बेटांमध्ये सुमारे 82 मिनिटांचं अंतर पडतं. डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा आगत्तीला अजून लख्ख ऊन असतं आणि सूर्यास्त सव्वासहानंतर होतो. मुंबईकराला आगत्तीची वेळ परकी वाटत नाही, कारण आगत्ती जवळजवळ आपल्याच रेखांशावर आहे. अंदमानात मात्र पहिल्या दिवशी सगळेच गोंधळतात. दुपारी तीनला जेवून थोडं पडावं म्हणतात आणि उठतात तेव्हा बाहेर काळोख. तिथे सकाळी साडेपाचला उठा आणि समुद्रकिनारा चारच्या आत गाठा, एवढं केलंत तरी पुरे.

मुंबईहून या दोन्ही ठिकाणांचं अंतर किती?

मुंबई ते आगत्ती सरळ रेषेत साधारण 920 किमी. मुंबई ते कोची याहून लांब आहे, साधारण 1,060 किमी. म्हणजे कोचीवरून आगत्तीला जाताना आपण आधी बेटाच्या पुढे दक्षिणेला जातो आणि मग मागे वळून समुद्रात शिरतो.

मुंबई ते पोर्ट ब्लेअर सुमारे 2,280 किमी. आता हा आकडा आगत्ती-पोर्ट ब्लेअरच्या 2,245 शी ताडून बघा. फरक जेमतेम 35 किमीचा! "लक्षद्वीपला गेलोच आहोत तर तिथून अंदमान जवळ पडेल" असं अनेकांना वाटतं, पण आगत्तीहून पोर्ट ब्लेअर जवळजवळ तितकंच लांब आहे जितकं ते मुंबईच्या सहार विमानतळाहून आहे. हंगामात मुंबईहून थेट विमान मिळालं तर सव्वातीन-साडेतीन तासांत पोचता. तेव्हा दोन्ही बेटं एकाच सहलीत बसवायचा आग्रह नसेल, तर दोन वेगळ्या सहली करणं वेळेच्या दृष्टीने मुळीच तोट्याचं नाही.

कोकणातल्या मंडळींसाठी एक वेगळी वाट सांगून ठेवतो. गोव्यात मोपा विमानतळावरूनही आगत्तीला छोटी विमानं सुरू झाली आहेत. अंतर साधारण 570 किमी. सावंतवाडी, कुडाळच्या माणसाने मुंबईला येऊन मग कोचीला जाण्यापेक्षा हे किती तरी सोपं. गणपतीला गावी गेलेले काही मुंबईकरही दिवाळीची सहल आता अशीच आखतात. फक्त हे वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, त्यामुळे आधी विमानाची तारीख बघा, मग रेल्वेचं तिकीट काढा.

मुंबईचा विमानतळही बेटावरचाच ना?

हो! एका शाळकरी मुलाने हे विचारलं होतं आणि मी मनापासून खूश झालो. सहारचा विमानतळ साष्टी बेटावर आहे. पुलांमुळे आणि भरावामुळे आपल्याला ते विसरायला होतं. नवी मुंबईचा नवा विमानतळ मात्र मुख्य भूमीवर, पनवेलच्या बाजूला. तिकिटावर दोन्हींपैकी कोणता आहे हे नीट वाचा. डोंबिवली, पनवेलकडच्या लोकांना नवा सोयीचा, पण चुकून दुसऱ्याच विमानतळावर पोचलात तर विमान हुकलंच म्हणून समजा.

आधी लक्षद्वीप की आधी अंदमान?

माझं मत: आधी लक्षद्वीप. आगत्तीच्या फेऱ्या कमी, आसनं कमी आणि परवाना तारखेला बांधलेला. त्यामुळे सहलीची आखणी तिथून सुरू करावी लागते. अंदमानहून परतायला चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद असे बरेच पर्याय असतात, एखादं विमान चुकलं तरी घरी पोचता येतं. जो दुवा कच्चा आहे तो सुरुवातीला ठेवला की मागे दुरुस्तीला जागा राहते.

परवाना दोन्हीकडे लागतो का?

लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय परत न मिळणारी तिकिटं काढू नका. आगत्तीहून बंगारामसारख्या दुसऱ्या बेटावर जाणार असाल तर अर्ज करतानाच त्याचा उल्लेख करा.

अंदमानात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील या नेहमीच्या ठिकाणी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. आदिवासींच्या राखीव भागात मात्र जाता येत नाही आणि जाऊही नये.

तिकिटाच्या साइटवर पोर्ट ब्लेअर सापडत नाही, असं का?

सप्टेंबर 2024 मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं. काही ठिकाणी नवं नाव दिसतं, काही ठिकाणी जुनं. कोड आयएक्सझेडच. विमानतळाचं नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याची शिंपल्याच्या आकाराची नवी इमारत जुलै 2023 मध्ये सुरू झाली. तसंच हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप 2018 मध्येच झालं आहे. हॉटेलच्या पत्त्यात ही नावं वाचून घाबरू नका, जागा त्याच आहेत.

पावसाळ्यात गेलं तर वेळ बदलतो का?

बदलतो, दोन कारणांनी. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे पोर्ट ब्लेअरकडे जाताना विमानाला वारा समोरून लागतो, येताना पाठीशी असतो. जाण्यायेण्यात काही मिनिटांचा फरक पडतो, इतकंच.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ टेकड्यांच्या मधे आहे. ढग खाली आले, पाऊस कोसळू लागला की विमान घिरट्या घालतं आणि वेळ पडली तर चेन्नई किंवा कोलकात्याला परत जातं. समुद्रात आसपास उतरायला दुसरी जागा नाही, म्हणून वैमानिक परतीचं इंधन राखून निर्णय घेतात. असं झालं तर चिडू नका, तोच शहाणपणाचा निर्णय असतो. आगत्तीलाही पावसाळ्यात विमानं रद्द होतात. दोन्ही एकत्र करायचं असेल तर डिसेंबर ते मार्च.

सामान किती न्यावं?

कमी. सगळ्या प्रवासात सर्वांत कडक मर्यादा ज्या विमानाची असेल ती पाळायची, आणि ते विमान म्हणजे आगत्तीचं. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, मुंबईहून जेटमध्ये सहज बसलेली केबिन बॅग तिथे बसत नाही. औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा, कारण भार जास्त झाला तर मोठ्या बॅगा मागून येऊ शकतात.

बोटीने जाता येईल का?

दोन्ही बेटांमध्ये प्रवासी बोट नाही. कोचीहून लक्षद्वीपची जहाजं आहेत, चेन्नईहून पोर्ट ब्लेअरचीही आहेत, पण चेन्नईहून जायला जवळजवळ तीन दिवस लागतात. आणि लक्षद्वीपच्या बाजूने थेट अंदमानकडे जायचं म्हटलं, तर भारत आणि श्रीलंकेमधला समुद्र उथळ असल्यामुळे मोठ्या जहाजांना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. समुद्राची मनापासून ओढ असेल तर एखादा टप्पा जहाजाने करा, दोन्ही नको.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना सावरकरांची कोठडी बघायची आहे. दोन्ही बेटं झेपतील का?

हा प्रश्न आमच्याकडे महिन्यातून दोन-तीनदा येतो, आणि प्रत्येक वेळी मी आधी हेच विचारतो की त्यांच्या मनात नक्की काय आहे. सेल्युलर जेल हेच त्यांचं ठिकाण असेल तर त्यांना थेट पोर्ट ब्लेअरला न्या. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते. त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि जिने चढून जावं लागतं, म्हणून पोचलेल्या दिवशी जेल ठेवू नका. त्या दिवशी आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, सावकाश वर जा. कोठडीसमोर त्यांना हवा तेवढा वेळ उभं राहू द्या, मागे लागू नका. प्रकाश-ध्वनी कार्यक्रम त्याच संध्याकाळी ठेवला तर दुपारी हॉटेलवर येऊन झोप झाली पाहिजे, कारण तिथे दिवस लवकर मावळतो आणि वयस्कर माणसं पाचलाच थकतात.

लक्षद्वीप तुम्ही नंतर, मुलांना घेऊन करा. आगत्तीला खोल पाण्याची भीती नसलेल्या, होडीत सहज चढउतार करणाऱ्या माणसाला खरा आनंद मिळतो. आई-बाबा दोन्हीसाठी हटून बसले, आणि तसे ते बसतात, तर एकूण दहा-अकरा दिवस काढा आणि कोचीत एक नाही, दोन रात्री ठेवा.